एक्सोसोम : आशा खरी, पण घाई नको

झाडावरून पडणे, मोटारसायकलचा अपघात, बांधकामाच्या परातीवरून कोसळणे. एका क्षणात घरचा कमावता माणूस अंथरुणाला खिळतो. पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूला इजा झाली की पायांतले बळ जाते, लघवी-शौचावरचा ताबा सुटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात दीड कोटीहून अधिक लोक असे जीवन जगत आहेत. अशा घरांतील माणसे हल्ली आम्हा शिक्षकांना विचारतात, “मोबाइलवर एक्सोसोमच्या इंजेक्शनची जाहिरात येते, ते खरे का?” म्हणून या महिन्यात तेच समजून घेऊ.

आपल्या शरीरातील पेशी अतिसूक्ष्म पुड्या बाहेर सोडतात. त्याच एक्सोसोम. आकार साधारण 30 ते 150 नॅनोमीटर. एका केसाच्या जाडीत अशा शेकडो पुड्या मावतील. 1983 च्या सुमारास त्या प्रथम दिसल्या, तेव्हा हा पेशींचा कचरा असावा असा समज होता. 2007 मध्ये स्वीडनमधील गोथेनबर्गच्या संशोधकांनी दाखवले की या पुड्यांत आरएनए असतो आणि तो दुसऱ्या पेशीत पोहोचून काम करतो. म्हणजे कचरा नव्हे, ही तर चिठ्ठी!

पूर्वी मज्जारज्जूच्या इजेवर मूळपेशी टोचण्याचे प्रयोग झाले. त्यांतल्या बऱ्याच पेशी टिकत नसत. फायदा दिसला तो मुख्यतः त्यांनी सोडलेल्या द्रव्यांचा. मग पेशीऐवजी तिची चिठ्ठीच पाठवली तर? आजचे संशोधन या दिशेने चालले आहे.

2019 साली इस्रायलमधील तेल अवीव विद्यापीठ व टेक्निऑन येथील संशोधकांनी मज्जारज्जू पूर्ण तुटलेल्या उंदरांच्या नाकावाटे एक्सोसोम दिले. चेतातंतूंच्या वाढीला ‘ब्रेक’ लावणारे पीटेन नावाचे प्रथिन दाबणारा आरएनए त्यांत भरला होता. उंदरांची हालचाल व संवेदना बऱ्यापैकी सुधारल्या.

पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे. प्रयोगात उपचार इजेनंतर लगेच सुरू होतो. आपल्याकडचा रुग्ण अनेकदा वर्षानुवर्षे खिळलेला असतो. शिवाय मात्रा किती, शुद्धता कशी तपासायची, हेही अजून ठरायचे आहे. डिसेंबर 2019 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला, की मान्यताप्राप्त असे एकही एक्सोसोम औषध नाही. नेब्रास्का राज्यात अशा इंजेक्शनांनंतर रुग्णांना गंभीर त्रास झाला होता.

म्हणून शेत विकण्याआधी, दागिने गहाण ठेवण्याआधी तीन प्रश्न विचारा. ही चाचणी सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत आहे का? नैतिकता समितीची मंजुरी आहे का? आणि पैसे कशाचे मागता? खऱ्या चाचणीत प्रायोगिक औषधाचे बिल रुग्णाला दिले जात नाही.

तोवर हातात आहे ते सोडू नका. दर दोन तासांनी कूस बदलणे, त्वचा रोज तपासणे, लघवीच्या नळीची स्वच्छता, नियमित फिजिओथेरपी. यांनी जीव वाचतो. मुंबईत हाजी अलीजवळ पुनर्वसनाची सरकारी संस्था आहे, तिथे सल्ला मिळतो. उद्या खरे औषध आले, तर ते घेण्यासाठी आपला माणूस धडधाकट राहिला पाहिजे. दुआ करू, पण दवा पारखूनच घेऊ.