प्रभावतीचे माहेर

यवतमाळात विदर्भाच्या वाकाटक राजघराण्याविषयी बोलायला उभे राहिले की श्रोत्यांतून एक प्रश्न हमखास येतो : राणी प्रभावतीगुप्ता मुळात कोणाची? तिचे घराणे कोणत्या जातीचे? हा प्रश्न विचारू नये असे मी म्हणणार नाही. पण त्याला जी उत्तरे दिली जातात, ती मला मान्य नाहीत.

आधी मोठ्या विद्वानांची एक जुनी चूक सांगतो. प्रभावतीचा मुलगा दुसरा प्रवरसेन, त्याचे ताम्रपट अचलपूरजवळच्या चम्मकला सापडले. आपली आई महाराजाधिराज देवगुप्ताची मुलगी, असे त्यांत लिहिलेले आहे. हा देवगुप्त कोण? फ्लीटने १८८८ च्या आपल्या ग्रंथात त्याला मगधाच्या उत्तरकालीन गुप्तांतला, आदित्यसेनाचा मुलगा ठरवले. मुख्य आधार नावाच्या जुळणीचा. कीलहॉर्नसारखा काटेकोर पंडितही त्याच वाटेने गेला आणि वाकाटक आठव्या शतकात जाऊन बसले. एका बाईचा बाप चुकला आणि साऱ्या विदर्भाचा इतिहास जवळजवळ तीनशे वर्षे पुढे सरकला.

ही चूक दुरुस्त केली ती खुद्द प्रभावतीने. पुण्यात एका तांबटाच्या घरी तिचा ताम्रपट होता. का. बा. पाठक आणि का. ना. दीक्षित यांनी तो वाचून प्रसिद्ध केला. नंदिवर्धनाहून, म्हणजे रामटेकजवळच्या नगरधनहून, तेराव्या वर्षी दिलेले हे दानपत्र. नवरा रुद्रसेन वारलेला, दुसरा एक मुलगा दिवाकरसेन अजून युवराज, कारभार आईच्या हाती. दान दिलेले दांगुण गाव म्हणजे हिंगणघाट, असे वा. वि. मिराशींनी ठरवले, तिथून वर्धा नदी ओलांडली की आपला जिल्हा लागतो. या ताम्रपटात तिने वंशावळ सांगितली ती माहेरची : घटोत्कच, पहिला चंद्रगुप्त, समुद्रगुप्त, दुसरा चंद्रगुप्त. आई कुबेरनागा, नागकुळातली. देवगुप्त म्हणजे दुसरा चंद्रगुप्तच, हे त्यातून निघाले. सांचीच्या गुप्त संवत ९३ च्या लेखातही त्याचे देवराज हे दुसरे नाव आहेच.

बाप ठरला, तशी भांडणे 'धारण' या शब्दावर आली. प्रभावती स्वतःला धारण गोत्राची म्हणवते. काशीप्रसाद जायसवालांनी जाटांमधले 'धारण' हे नाव आणि 'कौमुदीमहोत्सव' हे नाटक यांची सांगड घालून गुप्तांना जाट ठरवले. श्रीराम गोयलांनी तोच शब्द घेऊन त्यांना ब्राह्मण म्हटले. आणखी कोणी अग्रवालांच्या गोत्रांत तो शोधून वैश्य म्हणतात. एकच साक्षीदार तीन पक्षांकडून बोलतो आहे असे दिसले, तर त्याची साक्ष कोणाच्याच बाजूने धरता येत नाही. नाटकातला चंडसेन म्हणजे पहिला चंद्रगुप्त, हे समीकरण जायसवालांचे आहे, नाटकाचे नाही. आणि 'गुप्त' म्हणून वैश्य म्हणावे, तर विष्णुगुप्त चाणक्याचे काय करायचे?

दुसरा मोह आपल्या घरचा आहे. नागकुळ म्हटले की नाग नदी आठवते, नागपूर आठवते, आणि कुबेरनागा आपलीच लेक होती असे म्हणावेसे वाटते. मलाही वाटले होते. पण ताम्रपटात कुळ आहे, गाव नाही. त्या काळच्या ज्या नाग राजांची नावे आपल्याला समुद्रगुप्ताच्या अलाहाबाद स्तंभलेखातून कळतात, त्यांतला गणपतिनाग उत्तरेकडचा. कुबेरनागेचे गाव अमुक, असे छातीठोक सांगण्याचा हक्क कोणालाच नाही.

आता माझे म्हणणे. वाकाटक विष्णुवृद्ध गोत्राचे. लग्नानंतर बाई नवऱ्याच्या गोत्राची होते, असे शास्त्र मानते. प्रभावतीने बापाचे गोत्र सोडले नाही. यावर आक्षेप असा की पुण्याच्या ताम्रपटाची अक्षरे वाकाटकांच्या वळणाची, म्हणजे पेटीसारख्या डोक्याची (पेटिकाशीर्षक) नाहीत, खिळ्यासारख्या डोक्याची (कीलशीर्षक) आहेत. म्हणजे लिहिणारे कारकून गुप्तांकडून आलेले आणि वंशावळही त्यांनीच घातलेली. अक्षरांपुरते मान्य. पण अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरचा तिचा ताम्रपट प्रवरसेनाच्या एकोणिसाव्या वर्षाचा आहे. तेव्हा बाप जाऊन बरीच वर्षे झाली होती, मुलगा स्वतः राज्य करत होता. तरी वंशावळ तीच, माहेरचीच. ती कारकुनाची कशी म्हणायची? ती तिची आहे. 'दोन्ही कुळांचा अलंकार' असे ती स्वतःला म्हणवते, आणि आईचे कुळ व बापाचे गोत्र शेजारी शेजारी ठेवते. आपण कोण, हे तिने स्वतः सांगितलेले आहे. तिने सांगितली नाही ती जात तिच्या नावावर चढवणे थांबवले पाहिजे.

असे वाद ताम्रपटच मिटवतात, हे यवतमाळने जवळून पाहिले आहे. वाशीमचा विंध्यशक्तीचा ताम्रपट १९३९ मध्ये उजेडात आला, आणि तो अभ्यासकांपुढे मांडणाऱ्यांत आपल्या शारदाश्रमाचे य. खु. देशपांडे होते. त्या पत्र्यांमुळे वत्सगुल्म ही वाकाटकांची वेगळी शाखा प्रथमच नीट कळली.

पुण्याच्या त्या घरात ताम्रपट भट्टीत गेला असता, तर प्रभावतीचा बाप अजून चुकीचाच राहिला असता. तुमच्या वाड्यात, देवळात किंवा नांगरटीत अक्षरे कोरलेला तांब्याचा पत्रा निघाला, तर तो मोडीत देऊ नका, घासूही नका. जिल्हाधिकारी कार्यालयाला कळवा.