मुन्शीचा वाडा

मागच्या हिवाळ्यात नणंदेच्या मुलीचा निकाह बनारसला झाला. सोयरीक मदनपुऱ्यातली, विणकरांच्या मोहल्ल्यातली. वलीमा आटोपल्यावर आम्ही बायका-पोरं नावेत बसून घाट पाहायला निघालो. दशाश्वमेधजवळ एक उंच, दगडी, बुरुजांचा वाडा दिसला. नावाडी म्हणाला, "दरभंगा पॅलेस है, अब होटल हो गया." हॉटेलचं नाव ब्रिजरामा पॅलेस. आणि त्याला लागूनच मुन्शी घाट.

हे मुन्शी म्हणजे श्रीधर मुन्शी, आपल्या नागपूरकर भोसल्यांचे मंत्री. 1812 च्या सुमारास, दुसऱ्या रघुजींच्या राज्यात, त्यांनी चुनारच्या दगडात हा वाडा बांधला. 1915 मध्ये दरभंग्याच्या महाराजांनी तो घेतला आणि पुढे हॉटेलवाल्यांनी. तेव्हा आपला भंडारा भोसल्यांच्याच मुलखात होता. वैनगंगेकाठच्या धानावर भरलेल्या साऱ्याचे काही रुपये त्या दगडांत मुरले असतील, असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

परत आल्यावर वर्गात हे सांगितलं. एका मुलाने लगेच विचारलं, "मॅडम, मुन्शी हिंदू होता की मुसलमान?" हल्ली हा प्रश्न पहिला येतो. मी फळ्यावर 'मुन्शी' लिहिलं, शेजारी 'इन्शा' लिहिलं. उर्दूच्या तासाला आपण 'इन्शा' म्हणून निबंध लिहितो, त्याच धातूचा हा शब्द. मुन्शी म्हणजे लिहिणारा, दरबारचा पत्रव्यवहार सांभाळणारा. शब्द अरबीतला, फारसीच्या वाटेने आलेला, आणि तो आडनावासारखा चिकटला एका ब्राह्मण कारभाऱ्याला. मग फडणवीस, चिटणीस, पोतनीसही फळ्यावर आले. फळा भरला, तास संपला, इतिहासाचा धडा राहिलाच.

आता हॉटेलचं. जुन्या वाड्याचं हॉटेल केलं म्हणून नाक मुरडणाऱ्यांतली मी नाही. दगडालाही खर्च लागतो. मालकाला परवडेना की छपरावर पिंपळ उगवतो, मग भिंत फुगते, मग एका पावसात ती खाली येते. नागपूर-भंडाऱ्याकडे असे वाडे कमी का पडले? हॉटेलमुळे इमारत उभी राहते, स्वयंपाकी, माळी, नावाडी यांना काम मिळतं, हे मान्य. पण वारसा म्हणून जे विकलं जातं, ते पाहायला खोलीचं भाडं भरावं लागू नये. आठवड्यातून एक सकाळ अंगण उघडं ठेवा, शाळेच्या पोरांना फुकट आत घ्या, दारावर बांधणाऱ्याचं नाव मराठीतही लिहा. 1827 च्या आसपास गालिब कलकत्त्याला जाताना बनारसला थांबला आणि त्या शहरावर 'चिराग़-ए-दैर' ही फारसी मसनवी लिहून गेला. तेव्हा हा वाडा जेमतेम पंधरा वर्षांचा होता. उर्दू शिकवणाऱ्या बाईला तो आतून पाहावासा वाटणारच ना!

खरं तर मला बनारसपेक्षा पवनीची काळजी आहे. दिघोरीहून आम्ही कधीही जाऊ शकतो असं ते गाव. लोक त्याला विदर्भाची काशी म्हणतात. वैनगंगेवरचे घाट, जुना परकोट, जगन्नाथ टेकडीवर 1969-70 च्या उत्खननात सापडलेला बौद्ध स्तूप, आणि कोष्ट्यांनी विणलेल्या रेशीमकाठी कापडाचं एके काळचं नाव. परवा स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणालं, "पवनीतही एक हेरिटेज हॉटेल व्हायला पाहिजे." होऊ दे. पण त्याच्या जेवणखोलीसाठी घाटाला फाटक लागता कामा नये. तिथे बायका कपडे धुतात, लोक दहाव्याला बसतात, पोरं पोहायला शिकतात. बनारसला वाड्याचं नाव मालकागणिक बदललं, मुन्शीचं नाव मात्र पायऱ्यांवर टिकलं. 

जानेवारीत सातवीची पोरं पवनीला न्यायची आहेत. गाडीचं ठरायचंय, डबे घरून आणायला सांगितलेत. प्रत्येकाने परकोटाचा दरवाजा वहीत काढायचा आणि घाटावर जो म्हातारा माणूस भेटेल त्याला घाटाचं नाव विचारून दोन्ही लिप्यांत लिहायचं, एका बाजूला डावीकडून, दुसऱ्या बाजूला उजवीकडून.