तेजी-मंदी विकणाऱ्याने भीतीचा भाव ओळखावा

‘स्ट्रॅडल’ हे नाव नवे असले, तरी हा सौदा आपल्या पेढ्यांना अपरिचित नाही. रोखे कराराच्या 1956 च्या कायद्यात ऑप्शनच्या व्याख्येतच तेजी, मंदी आणि तेजी-मंदी हे शब्द आहेत. तेजी म्हणजे कॉल, मंदी म्हणजे पुट. एकाच भावाचे दोन्ही विकले की झाले स्ट्रॅडल. आज तरुण दुकानदार मोबाइलवरून ते विकतात आणि प्रीमियमला घरबसल्या उत्पन्न समजतात.

साजगावच्या कार्तिकी यात्रेचे उदाहरण घेऊ. गूळ 40 रुपये किलो आहे, असे समजा. यात्रेच्या अखेरच्या दिवशी एकाला 40 नेच गूळ देण्याचे व दुसऱ्याकडून 40 नेच घेण्याचे वचन देऊन व्यापाऱ्याने प्रत्येकाकडून किलोमागे दोन रुपये घेतले. अखेरचा भाव 36 ते 44 च्या आत राहिला, तर तो नफ्यात. मात्र मध्येच अवकाळी पावसाची वार्ता आली. भाव अद्याप 40 च आहे. पण त्याच दोन वचनांना बाजार आता चारऐवजी सात रुपये मागतो. मोकळे व्हायचे, तर पदरचे तीन रुपये जातात. भाव न हलता झालेला हा तोटा अस्थिरतेचा होय. पाऊस टळला, की तीच वचने स्वस्त होतात व विकणाऱ्यास लाभ होतो.

निफ्टीबाबत ही भीती ‘इंडिया व्हिक्स’ मोजतो. तो आकडा वार्षिक असतो; 16 ने भागल्यास दिवसाची अपेक्षित हालचाल टक्क्यांत ढोबळमानाने कळते. 4 जून 2024 रोजी, लोकसभा निकालाच्या दिवशी, निफ्टी 1,379 अंकांनी, म्हणजे जवळजवळ 6 टक्क्यांनी कोसळला. व्हिक्स दिवसभरात 30 च्या पुढे गेला आणि दुसऱ्याच दिवशी 20 च्या खाली आला. परंतु मार्जिन अपुरे पडून ज्याचा सौदा आदल्या दिवशीच कापला जातो, त्याला हा उतार काय कामाचा?

तेव्हा निकाल वा अर्थसंकल्पापूर्वी दिसणारा मोठा प्रीमियम हे बक्षीस नव्हे. ती जोखमीची किंमत आहे. विकायचेच असेल, तर दूरच्या भावाचे कॉल व पुट विकत घेऊन तोटा आधीच बांधून घ्यावा. अस्थिरता वाढेल तसे सौद्याचे आकारमान घटवावे. आणि दुकानाचे खेळते भांडवल किंवा बँकेची कॅश क्रेडिट या सौद्यात कदापि गुंतवू नये. येथे जमेची बाजू प्रीमियमपाशी थांबते. नावेची बाजू कोठे थांबेल, हे आपणच आधी ठरवावे लागते.