खासगीपणाच्या आडोशाने

डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा संसदेने ऑगस्ट २०२३ मध्ये संमत केला. त्याचे नियम राजपत्रात यायला नोव्हेंबर २०२५ उजाडावा लागला. या विलंबापेक्षा बोलका आहे तो अंमलबजावणीचा क्रम. नागरिकाची संमती घेणे, त्याची माहिती सुरक्षित राखणे, ती फुटल्यास त्याला कळविणे या जबाबदाऱ्यांसाठी १८ महिन्यांची, म्हणजे मे २०२७ पर्यंतची मुदत देण्यात आली. माहिती अधिकार कायद्यातील दुरुस्ती मात्र त्याच दिवशी अमलात आली.

ही दुरुस्ती नव्या कायद्याच्या अगदी शेवटच्या, ४४व्या कलमात आहे. माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(ञ) नुसार पूर्वी वैयक्तिक माहिती सरसकट नाकारता येत नसे. तिचा सार्वजनिक कामकाजाशी वा हिताशी संबंध नसेल किंवा ती दिल्याने खासगीपणाचा अनाठायी भंग होणार असेल, तरच नकार चाले. संसदेला जे नाकारता येत नाही ते नागरिकालाही नाकारू नये, असे परंतुकही होते. हे सारे गळाले. आता माहिती वैयक्तिक आहे, एवढे कारण पुरते.

२०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरल्यावर हा बदल आवश्यकच होता आणि व्यापक जनहितासाठी कलम ८(२) शाबूत आहे, हा सरकारचा युक्तिवाद अगदीच निराधार नाही. पण न्या. श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या मसुद्यात संभाव्य हानी जनहिताहून मोठी ठरली तरच नकाराची मुभा होती. ती अट या कायद्यात नाही. साहजिकच जनहित पटवून देण्याचे ओझे व्यवहारात अर्जदारावर पडते आणि जन माहिती अधिकाऱ्याला नकारच सोयीचा ठरतो. लाभार्थ्यांची यादी असो वा बदलीचा आदेश, कोणाचे ना कोणाचे नाव नसलेला सरकारी कागद असतो तरी कोठे?

नोकरशाहीला यात दिलासा वाटणे स्वाभाविक आहे. मात्र बढतीत डावलला गेलेला अधिकारी सहकाऱ्याची सेवाविषयक कागदपत्रे मागायला जाईल, तेव्हा हेच कलम त्याच्यापुढे ठेवले जाईल.

२०१९ च्या विधेयकाची संयुक्त समितीने दोन वर्षे चिकित्सा केली होती. ते २०२२ मध्ये मागे घेण्यात आले. २०२३ चे विधेयक समितीकडे गेलेच नाही. मणिपूरवरून गदारोळ सुरू असताना लोकसभेने ते ७ ऑगस्टला आवाजी मतदानाने संमत केले आणि दोन दिवसांनी राज्यसभेने. माहिती फुटल्यास २५० कोटी रुपयांपर्यंतचा दंड संचित निधीत जमा होईल. ज्याची माहिती फुटली त्याला भरपाई देणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ४३अ कलम मात्र वगळण्याची तरतूद याच कायद्यात आहे. त्यावर सभागृहात पुरेशी चर्चा झालीच नाही.