बेट निवडताना

नातू स्कूबासाठी अंदमानातलं बेट शोधतोय. "आजोबा, जितकं दूर तितकं पाणी निळं!" असेलही. पण खोल पाण्यात अंगात मुरलेल्या नायट्रोजनचे, माणूस घाईने वर आला तर, बुडबुडे होतात. सांधे धरतात, कधी अर्धांगही. मग बंद टाकीत, वाढीव दाबाखाली प्राणवायू द्यावा लागतो. हॅवलॉकहून (आताचं स्वराज द्वीप) पोर्ट ब्लेअर (आताचं श्रीविजयपुरम) गाठायलाच वेगवान बोटीनेही दीड-दोन तास लागतात.

म्हणून माझं मत, फोटो नि भाडं नंतर बघा. आधी विचारा, अशी टाकी किती तासांवर आहे? रात्री बोट मिळेल? आणि बऱ्याच डुबक्यांनंतर निदान १८ तास विमान नको. शेवटचा दिवस कोरडाच ठेवा.

नातू हसला, "अजून परीक्षाच घेताय!"

घेतो बुवा. या विषयाची फेरपरीक्षा नसते.