पद्मिनीची पाठवणी

चंद्रपूरहून एका वाचक-भगिनींचे पत्र आले आहे. त्यांच्या यजमानांनी १९९४ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी मोटार अंगणातील पत्र्याच्या छपराखाली दोन पावसाळे उभी आहे. यजमान चार महिन्यांपूर्वी निवर्तले. मुलगी पुण्यास, मुलगा परदेशी. इंजिन निळा धूर सोडते, तळाचा पत्रा गंजला आहे आणि मेस्त्रीने सांगितलेला दुरुस्तीचा आकडा मोटारीच्या किमतीहून मोठा आहे. चामोर्शीचे एक शिक्षक, यजमानांचे जुने विद्यार्थी, ती घ्यावयास उत्सुक आहेत. “कागदपत्रांचे काय ते सावकाश पाहू,” असे ते आदराने म्हणतात. बाईंना विचारावयाचे आहे ते इतकेच, की मोटार दुरुस्त करून विकावी की आहे तशी? पत्राच्या अखेरीस मात्र सहज लिहिल्यासारखे एक वाक्य आहे: ती दुसऱ्याच्या दारात पाहवेल का?

ह्या शेवटच्या वाक्यास उत्तर देण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु मोटार दारात ठेवल्याने जपली जाते, हा समज मात्र दूर केला पाहिजे. चंद्रपूरचा उन्हाळा पारा ४७ अंशांपर्यंत चढवितो. त्यात रबरी नळ्या तडकतात. मागोमाग येणारा पाऊस गंजलेल्या पत्र्याला सोडीत नाही. ब्रेकचे रबर न वापरल्याने आखडते, टाकीतले पेट्रोल नासते. दोन पावसाळ्यांपूर्वी जी मोटार होती, ती आज त्या छपराखाली नाही.

पद्मिनीविषयी अनेक घरांत जो जिव्हाळा आढळतो, तो अकारण नव्हे. शेठ वालचंद हिराचंद ह्यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात, इटलीच्या फियाट ११०० ह्या मोटारीपासून ती घडली. चितोडच्या राणीचे नाव तिला मागाहून मिळाले. १०८९ घन सेंटिमीटरचे साधे इंजिन, सुकाणूच्या चक्राखालीच गिअरचा दांडा, आणि खेड्यातल्या मेस्त्रीलाही उलगडावी अशी रचना. गडचिरोलीच्या अंतर्भागात, जेथे भामरागडचा रस्ता पर्लकोटेच्या पुराने आजही तुटतो, तेथे ह्या शेवटच्या गुणाचे मोल मुंबईकरांस कळणे कठीण. मुंबईची अखेरची काळी-पिवळी पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली, तेव्हा वृत्तपत्रांनी पुष्कळ अश्रू ढाळले. आपल्या जिल्ह्यांतल्या पद्मिनींसाठी कोणी काही लिहिले नाही.

आता दुरुस्तीचे पाहू. निळा धूर म्हणजे वंगणाचे तेल जळत आहे. बहुधा पिस्टनच्या रिंगा झिजल्या असाव्यात. इंजिन खोलून ते काम विक्रीपूर्वी करण्यात बाईंचा तोटाच आहे, कारण त्यावर खर्चिलेला रुपया किमतीत पुरा परत येत नाही. घेणाऱ्याने ते आपल्या मेस्त्रीकडून, आपल्या देखत करवून घ्यावे. गंजावर रंग चढविण्याचा मोह तर मुळीच नको. तो खर्चही आहे आणि लबाडीही. १८७२ च्या करार कायद्याने ठाऊक असलेला दोष मुद्दाम झाकणे हे कपटच ठरते. उलट मोटारीचे सारे दोष एका कागदावर लिहून त्या शिक्षकांची सही घ्यावी. चालत्या पद्मिनीस जो भाव येतो, त्यातून दुरुस्तीचा खर्च वजा करावा. ती बाकी भंगाराच्या किमतीहून खाली जात असेल, तर भंगाराची किंमत हाच तळ धरावा. आठवणींची किंमत ह्या हिशेबात कोठेही घालता येत नाही. पुष्कळ विक्री-व्यवहार येथेच फिसकटतात.

परंतु आमच्या मते खरी काळजीची गोष्ट इंजिनात नसून “सावकाश पाहू” ह्या शब्दांत आहे. मोटार अद्याप दिवंगत यजमानांच्या नावे आहे. मालकाच्या मृत्यूची सूचना तीस दिवसांत परिवहन कार्यालयास द्यावयाची आणि वारसाच्या नावे नोंद करण्यासाठी नमुना ३१ चा अर्ज तीन महिन्यांत करावयाचा, असा नियम आहे. मुदत टळली म्हणून बाईंनी घाबरू नये, पण आणखी दिवस दवडू नयेत. मुलामुलीची लेखी संमती आजच मागवावी. नाव बाईंचे झाल्यावर नमुना २९ व ३० वर सह्या करून विक्रीची सूचना चौदा दिवसांत पाठवावी. तोवर किल्ली द्यावयाची नाही.

एवढी कठोरता कशासाठी? सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार ह्या प्रकरणात दिलेला निर्णय वाचावा. मोटार अनेक हातांतून गेली होती, नोंद मात्र पहिल्याच्याच नावे राहिली. २००९ साली तिच्याखाली माणूस गेला, आणि भरपाईचा भार नोंदीतल्या मालकावर आला. शिक्षक सज्जन असतील, आहेतच. पण आल्लापल्लीच्या जंगलरस्त्यावर रात्री समोर काय येईल, हे सज्जनतेच्या हाती नसते. दोन वर्षे उभ्या मोटारीचा विमाही संपला असणार. विम्याविना ती रस्त्यावर आणणे बेकायदा आहे, तेव्हा चामोर्शीस ती दुसऱ्या वाहनावर चढवूनच न्यावी.

शिक्षकांसही एक गोष्ट सांगून ठेवावी. वीस वर्षांहून जुन्या मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाचे शुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये ५,००० वरून १०,००० रुपये झाले आहे. त्यांनी ते आपल्या हिशेबात आधीच धरावे.

बाकी काही गोष्टी कोणत्याच नमुन्यात लिहिता येत नाहीत. वैशाखात पेट्रोलची नळीतच वाफ होऊन मोटार बंद पडली, की पेट्रोल-पंपावर ओले फडके घालून दहा मिनिटे सावलीत थांबावे, हे यजमान करीत असतीलच. ते बाईंनीच शिक्षकांना दाखवावे. महाशिवरात्रीस ह्याच मोटारीतून मार्कंड्याच्या यात्रेस नेण्याचे त्यांनी कबूल केले आहे, असे पत्रात आहे. अवश्य जावे. मात्र निघण्यापूर्वी नोंदणीपत्रावरचे नाव एकदा वाचून पाहावे.