कुठवर आली?

गेल्या जानेवारीत आमची आई फार आजारी होती. धाकटी बहीण लंडनला असते. "निघते आहे," असा तिचा निरोप आला आणि त्या घटकेपासून आईने मला एकच प्रश्न लावून धरला, "कुठवर आली रे?"

मी पडलो मराठीचा मास्तर! मेघदूतातला मेघ सोडला, तर आकाशमार्गाचा माझा अभ्यास शून्य. तरी मुलाचा पृथ्वीगोल घेऊन बसलो. भिंतीवरच्या नकाशात मुंबई-लंडन सरळ रेघ ओढली, तर ती बगदादच्या आसपास जाते. पण गोलावर दोरी ताणून धरा. ती उत्तरेकडे सरकून कास्पियन आणि काळ्या समुद्रावरून जाते, आणि तीच जवळची वाट. सुमारे 7,200 किलोमीटर. अर्थात आकाशालाही कुंपणे असतात, बरे का! 2025च्या एप्रिलात पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांना बंद केले, तेव्हा त्यांच्या नशिबी वळसाच आला.

8 जून 1948 रोजी एअर इंडियाचे 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून लंडनला निघाले, ते कैरो आणि जिनिव्हा घेत घेत. त्याआधी 1918 साली आमच्या रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य चिरोल खटल्यासाठी गेले, ते बोटीने. आज मधे न उतरता नऊ-दहा तास. जाताना थोडे अधिक, येताना थोडे कमी; कारण वरचे जोराचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. घड्याळ मात्र उलटेच सांगते! थंडीत लंडन आपल्या साडेपाच तास मागे. दुपारी दोनला मुंबई सोडणारा दहा तास उडून तिथल्या साडेसहाला उतरतो. म्हणजे घड्याळाच्या हिशेबी साडेचारच तास.

बहीण तिथे सकाळी दहाला विमानात बसली. इथे तेव्हा दुपारचे साडेतीन. "आता काळ्या समुद्रावर असेल," मी सांगितले. आईने नुसते पाहिले. "आता कास्पियन." तिने कूस बदलली. रात्री साडेबाराला विमान मुंबईस टेकले. नऊ तास!

आणि पुढे रत्नागिरी? पक्ष्याला जेमतेम अडीचशे किलोमीटर. माणसाला रस्त्याने साडेतीनशेच्या आसपास. रात्री दोनला तिची मोटार निघाली. तेही नऊ तासच, वाचकहो! सात हजार किलोमीटरना जेवढे, तेवढेच. त्या रात्री मला विमानाचे कौतुक वाटेना, की घाटाचा राग येईना. मी फक्त आईचा श्वास मोजत होतो.

पहाटे फोन आला. "महाड गेले," मी म्हटले. आईने डोळे उघडले. "मग पोलादपूर, कशेडी. घाटात सावकाश ये म्हणावे." खेड झाले. चिपळूण झाले. संगमेश्वर म्हणताच तिने पाणी मागितले. हातखंबा आला, तेव्हा ती उशीला टेकून बसली होती.

"आता अर्धा तास," ती म्हणाली. "सुनबाईला सांग, तांदूळ धुऊन ठेव."